दॅन, ॲज, नॉट ओन्ली: इंग्रजीतली तुलना आणि समांतर रचना नेमकी कुठे चुकते

'माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे' या मराठी वाक्यात कुणालाच काही खटकत नाही. खरं तर इथे पगाराची तुलना माणसाशी झालेली आहे, पण 'त्याच्यापेक्षा' म्हणजे 'त्याच्या पगारापेक्षा' हे ऐकणारा आपोआप समजून घेतो. हीच सवय घेऊन इंग्रजीत गेलं की 'माय सॅलरी इज हायर दॅन हिम' असं वाक्य तयार होतं, आणि ते सरळ चूक आहे. 'हिम' म्हणजे माणूस. पगारासमोर पगारच यायला हवा: 'माय सॅलरी इज हायर दॅन हिज'.

मराठीत शब्दांची नाती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सांभाळतात. 'पेक्षा' ज्याला चिकटलं ते तुलनेचं एक टोक, मग तो शब्द वाक्यात पुढेमागे कुठेही असो. इंग्रजीत ही सोय फार थोडी. शब्द कुठे बसलाय आणि कोणत्या रूपात बसलाय, यावरून तिथे अर्थ लागतो. म्हणून तुलनेची दोन टोकं एकाच जातीची आणि एकाच घडणीची असावी लागतात. यादीतले घटक आणि 'आयदर-ऑर'सारख्या जोड्या यांनाही हेच लागू होतं. तिथे त्याला पॅरलल स्ट्रक्चर, म्हणजे समांतर रचना, म्हणतात. दोन्ही गोष्टी सहसा वेगवेगळ्या धड्यांत शिकवतात, पण एकत्र शिकल्या तर निम्मा त्रास वाचतो.

दॅनच्या दोन्ही बाजूंना काय आहे?

वाक्य लिहून झालं की 'दॅन'वर बोट ठेवा. डावीकडे ज्याची तुलना चालली आहे त्या नामाखाली रेघ मारा, मग उजवीकडच्या नामाखाली. दोन्ही एकाच जातीची आहेत का?

चूक: द वॉल्स ऑफ द ओल्ड हाउस आर थिकर दॅन द न्यू हाउस.
बरोबर: द वॉल्स ऑफ द ओल्ड हाउस आर थिकर दॅन दोज ऑफ द न्यू हाउस.

पहिल्या वाक्यात भिंतींसमोर अख्खं घर उभं केलंय. दुरुस्तीला दोन हत्यारं आहेत. डावीकडचं नाम एकवचनी असेल तर 'दॅट ऑफ', अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ'. मालक माणूस असेल तर याहून सोपं: 'हिज', 'हर्स', 'माइन', 'माय ब्रदर्स' असं मालकी दाखवणारं रूप वापरा आणि मोकळे व्हा. बोलताना 'दॅट ऑफ' जरा पुस्तकी वाटतं, लेखनात ते चोख बसतं.

'लाइक' आणि 'अनलाइक'ने सुरू होणाऱ्या वाक्यात हीच चूक लपून बसते. 'अनलाइक माय फोन, हिज बॅटरी लास्ट्स टू डेज' यात फोनची तुलना बॅटरीशी झाली. स्वल्पविरामानंतर लगेच येणारी गोष्ट आणि 'अनलाइक'नंतरची गोष्ट यांची जोडी लागते, म्हणून तिथे फोनच आणावा: 'अनलाइक माय फोन, हिज रन्स फॉर टू डेज'.

स्थळाची तुलना असेल तर प्रेपोझिशनही ('इन', 'ऑफ'सारखा नामाआधी येणारा शब्द) दोन्हीकडे ठेवा: 'इट इज कोल्डर इन द हॉल दॅन इन द किचन'. दुसरं 'इन' गाळलेलं बोलण्यात खपून जातं, लिहिताना ठेवलेलं बरं.

आता 'अदर'. 'ज्युपिटर इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम' हे वाक्य तर्काला धरून नाही, कारण गुरू स्वतःच त्या ग्रहांपैकी एक आहे आणि तो स्वतःपेक्षा मोठा असू शकत नाही. 'एनी अदर प्लॅनेट' म्हणायला हवं. पण 'ज्युपिटर इज लार्जर दॅन एनी मून' यात 'अदर' नको, कारण गुरू हा चंद्र नाही. गंमत म्हणजे सुपरलेटिव्हमध्ये, म्हणजे 'सगळ्यात मोठा' सांगणाऱ्या रूपात, नियम उलटा होतो. 'द लार्जेस्ट ऑफ ऑल द अदर प्लॅनेट्स' चूक, 'द लार्जेस्ट ऑफ ऑल द प्लॅनेट्स' बरोबर. दॅन असेल तर त्या वस्तूला गटाबाहेर काढायचं, 'एस्ट' किंवा 'मोस्ट' असेल तर गटातच ठेवायचं.

'शी ट्रस्ट्स हिम मोअर दॅन मी' याचे अर्थ दोन निघू शकतात. तिचा विश्वास त्याच्यावर जास्त, माझ्यावर कमी, हा एक; आणि माझ्या विश्वासापेक्षा तिचा विश्वास जास्त, हा दुसरा. मराठीतही 'तिचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे' म्हटलं की हाच घोळ होतो. तोडगा म्हणजे क्रियापद परत आणायचं: 'मोअर दॅन शी ट्रस्ट्स मी' किंवा 'मोअर दॅन आय डू'. 'टॉलर दॅन मी' की 'टॉलर दॅन आय' हा वाद जुना आहे. बोलण्यात पहिलं सर्रास चालतं, दुसरं फार औपचारिक वाटतं. 'टॉलर दॅन आय ॲम' लिहिलंत तर कोणीच बोट ठेवणार नाही.

विशेषणाचं रूप: एकदाच चढवा

मराठीत विशेषण जागचं हलत नाही. 'उंच' शब्द 'पेक्षा' आलं तरी 'उंच'च राहतो. त्यामुळे आपल्याकडून दोन टोकाच्या चुका होतात. एक तर रूप बदलायचंच राहतं, 'टॉल दॅन मी'. नाहीतर चूक होऊ नये या भीतीने दुहेरी चढवलं जातं, 'मोअर टॉलर', 'मोअर बेटर'. एका उच्चारखंडाच्या विशेषणाला सहसा 'अर', शेवटी 'वाय' असलेल्या दोन खंडांच्या शब्दाला 'इअर', तीन किंवा अधिक खंड असले की 'मोअर'. 'सिंपल', 'क्लेव्हर', 'नॅरो' असे काही दोन खंडी शब्द दोन्हीकडे चालतात. दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही.

फरक किती मोठा आहे ते सांगायला 'व्हेरी' वापरता येत नाही. 'खूप मोठा' म्हणजे 'व्हेरी बिग', पण 'त्याच्यापेक्षा खूप मोठा' म्हणजे 'मच बिगर', 'फार बिगर' किंवा 'अ लॉट बिगर'. फरक थोडाच असेल तर 'स्लाइटली बिगर'. पुढे मोजता येणारं अनेकवचनी नाम आलं की 'मच'ही चालत नाही: 'मेनी मोअर बुक्स', पण 'मच मोअर वॉटर'. 'फ्युअर' आणि 'लेस' यांची वाटणीही हीच, फ्युअर मोजता येणाऱ्यांना, लेस न मोजता येणाऱ्यांना. वेळ, पैसा आणि अंतर मात्र एक ढीग म्हणून धरतात, म्हणून 'लेस दॅन टेन किलोमीटर्स' बरोबरच आहे.

काही शब्दांना 'दॅन' चालतच नाही. 'सीनियर', 'जुनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' हे लॅटिनमधून आलेले शब्द मुळातच तुलनेचं रूप घेऊन आले आहेत. त्यांना 'मोअर' लागत नाही, आणि पुढे 'टू' येतं: 'शी इज सीनियर टू मी'. 'एल्डर' मुख्यतः नात्यात आणि नामाच्या आधी येतं: 'माय एल्डर ब्रदर'. तुलना करायची झाली की 'ओल्डर' हवं; 'ही इज एल्डर दॅन मी' हे वाक्य रोज कानावर पडतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

'प्रिफर'चीही तीच गत. 'आय प्रिफर टी टू कॉफी', 'आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग'. दोन्हीकडे नाम, नाहीतर दोन्हीकडे 'इंग' रूप. इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'टू' लावलेलं क्रियापद, वापरायचं असेल तर 'टू टू'ची गर्दी टाळायला 'रादर दॅन' येतं: 'आय प्रिफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह'. 'वुड रादर' असेल तर दोन्हीकडे नुसता मूळ धातू: 'आय वुड रादर वॉक दॅन ड्राइव्ह'.

'धिस बॅग इज हेव्हिअर कम्पेअर्ड टू दॅट वन' यात तुलना दोनदा झाली, एकदा 'हेव्हिअर'मध्ये आणि एकदा 'कम्पेअर्ड'मध्ये. 'हेव्हिअर दॅन दॅट वन' एवढं पुरतं. 'कम्पेअर' शब्द सुटा वापरताना एक बारीक भेद पाळतात: एखादी गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हणायचं असेल तर 'कम्पेअर टू', दोन्ही शेजारी ठेवून साम्य-फरक तपासायचे असतील तर 'कम्पेअर विथ'. आणि 'दॅन'च्या जागी 'देन' लिहू नका. ए अक्षराचं तुलनेला, ई अक्षराचं 'मग' या अर्थाने. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर इथे बरेचदा गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

ॲज, लाइक आणि सेम

मराठी 'इतका' इंग्रजीत दोन रस्त्यांनी जातो. 'त्याच्याइतका उंच' म्हणजे 'ॲज टॉल ॲज हिम'. 'इतका उंच की हात पोचत नाही' म्हणजे 'सो टॉल दॅट'. 'की' आलं तर 'सो-दॅट', 'की' नसेल तर 'ॲज-ॲज', एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतात. नकारात 'नॉट ॲज टॉल ॲज' आणि 'नॉट सो टॉल ॲज' दोन्ही बरोबर, पण शेवटी 'ॲज'च. 'नॉट सो टॉल दॅन' ही खिचडी आहे.

पट सांगतानाही हीच रचना येते: 'ज्युपिटर इज मोअर दॅन ट्वाइस ॲज मॅसिव्ह ॲज ऑल द अदर प्लॅनेट्स कम्बाइन्ड'. 'थ्री टाइम्स लाँगर दॅन' असंही लोक म्हणतात, पण त्याचा अर्थ तिप्पट की मूळ अधिक तिप्पट म्हणजे चौपट, यावर वाद होतो. मापाच्या लेखनात 'थ्री टाइम्स ॲज लाँग ॲज' वापरा, वाद मिटतो.

'ॲज'च्या मध्ये नाम घालायचं असेल तर 'अ' विशेषणानंतर येतो: 'शी इज ॲज गुड अ प्लेअर ॲज हर सिस्टर'. 'ॲज अ गुड प्लेअर ॲज' नव्हे. आणि दोन तुलना एकाच वाक्यात कोंबताना पहिलीचं शेपूट हमखास तुटतं:

चूक: ही इज ॲज टॉल, इफ नॉट टॉलर दॅन, हिज ब्रदर.
बरोबर: ही इज ॲज टॉल ॲज, इफ नॉट टॉलर दॅन, हिज ब्रदर.

तपासायचं कसं? दोन स्वल्पविरामांमधला भाग हाताने झाका. पहिल्या वाक्यात 'ही इज ॲज टॉल हिज ब्रदर' उरतं. तुटलं ना?

'ॲज' आणि 'लाइक' यांचा गोंधळ मराठीच्याच मदतीने सुटतो. 'म्हणून' असा अर्थ असेल तर ॲज: 'ही वर्क्स ॲज अ डॉक्टर', तो डॉक्टर आहेच. 'सारखा' असेल तर लाइक: 'ही टॉक्स लाइक अ डॉक्टर', तो डॉक्टर नाही, फक्त बोलतो तसा. 'जसं' असेल आणि पुढे क्रियापदासकट वाक्य येत असेल तर पुन्हा ॲज: 'डू ॲज आय सेड'.

'सेम टू सेम' आपल्या बोलण्यात पक्कं मुरलंय, इंग्रजीत ते नाही. 'एक्झॅक्टली द सेम' म्हणा. 'सेम'च्या आधी 'द' हवाच आणि पुढे 'ॲज': 'द सेम साइझ ॲज माइन'. 'सेम लाइक' नको. 'सिमिलर टू', 'आयडेंटिकल टू', 'डिफरंट फ्रॉम' या जोड्या ठरलेल्या आहेत. 'डिफरंट'च्या पुढे अमेरिकेत 'दॅन' आणि ब्रिटनमध्ये 'टू' ऐकू येतं, पण 'फ्रॉम' दोन्हीकडे बिनधोक.

मराठीतल्या 'जितकं-तितकं'साठी इंग्रजीत 'द-द' आहे आणि दोन्ही 'द'नंतर तुलनेचं रूप लागतं: 'द मोअर यू रीड, द फास्टर यू रीड'. पहिला 'द' विसरला की वाक्य लंगडतं. 'नो सूनर'च्या जोडीला 'दॅन' येतं, 'व्हेन' नाही: 'नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट'. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांना मात्र 'व्हेन'.

ठरीव उपमांबद्दल फार सांगायला नको. 'ॲज लाइट ॲज अ फेदर', 'ॲज बिझी ॲज अ बी', 'ॲज कूल ॲज अ क्युकम्बर' यांतले शब्द बदलता येत नाहीत, जसं 'दुधात साखर'मधली साखर काढून गूळ घालता येत नाही. 'ॲज गुड ॲज'कडे मात्र लक्ष द्या. 'द वर्क इज ॲज गुड ॲज डन' म्हणजे काम चांगलं झालंय असं नाही, काम झाल्यातच जमा आहे. 'सेकंड टू नन' म्हणजे कुणापेक्षा कमी नाही, हे कौतुक आहे. 'मोअर ऑफन दॅन नॉट' म्हणजे बहुतेक वेळा. असे वाक्प्रचार औपचारिक पत्रात एखादाच ठेवावा; सलग तीन आले की पत्र उसनं वाटू लागतं.

यादी उभी मांडून बघा

समांतर रचना तपासण्याची सगळ्यात खात्रीची रीत म्हणजे वाक्य आडवं न वाचता उभं मांडणं. हे वाक्य घ्या: 'द मॅनेजर आस्क्ड अस टू चेक द लिस्ट, साइन इट अँड दॅट वी शुड सेंड इट बॅक'. सगळ्यांना सामाईक असलेला भाग वर लिहा आणि एकेक घटक त्याच्याखाली:

द मॅनेजर आस्क्ड अस टू
चेक द लिस्ट
साइन इट
दॅट वी शुड सेंड इट बॅक

आता वरची ओळ प्रत्येक घटकाला जोडून वाचा. 'आस्क्ड अस टू चेक' जमलं, 'आस्क्ड अस टू साइन' जमलं, 'आस्क्ड अस टू दॅट वी शुड' इथे गाडी रुळावरून घसरली. तिसरा घटक नुसता 'सेंड इट बॅक' हवा. 'टू' एकदाच सुरुवातीला द्या किंवा प्रत्येक घटकाला द्या. दोघांना दिला आणि तिसऱ्याला नाही, असं करू नका. घटक लांबलचक असतील तर प्रत्येकाला दिलेला बरा, वाचणाऱ्याला खुणेचा दगड मिळतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पुढची आहे:

चूक: ही इज फास्ट, ॲक्युरेट अँड वर्क्स हार्ड.

'ही इज वर्क्स' होत नाही. इथे दोन दुरुस्त्या शक्य आहेत. तिन्ही विशेषणं करा, 'फास्ट, ॲक्युरेट अँड हार्डवर्किंग'. नाहीतर दोन 'अँड' वापरा: 'ही इज फास्ट अँड ॲक्युरेट, अँड ही वर्क्स हार्ड'. एका वाक्यात दोन 'अँड' नकोत असा समज बऱ्याच जणांचा असतो, आणि त्या समजापायीच ही चूक होते.

'शी लाइक्स रीडिंग, टू पेंट अँड म्युझिक' यात तीन घटक तीन रूपांत आहेत. 'रीडिंग, पेंटिंग अँड लिसनिंग टू म्युझिक' केलं की बसलं. तुलनेतही तेच: 'रीडिंग इज ईझिअर दॅन टू राइट' नाही, 'रीडिंग इज ईझिअर दॅन रायटिंग' किंवा 'इट इज ईझिअर टू रीड दॅन टू राइट'. कामाच्या सूचना किंवा बायोडेटातले मुद्दे लिहिताना पहिला मुद्दा 'प्रिपेअर्ड'ने सुरू झाला तर बाकीचेही भूतकाळी क्रियापदानेच सुरू करा. मध्येच 'रिस्पॉन्सिबल फॉर' घुसवू नका.

जोड्यांतली जागा

'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' शिकलेला माणूस ते वापरतो खरा, पण चुकीच्या जागी.

चूक: ही नॉट ओन्ली स्पीक्स इंग्लिश बट ऑल्सो फ्रेंच.
बरोबर: ही स्पीक्स नॉट ओन्ली इंग्लिश बट ऑल्सो फ्रेंच.

पहिल्या वाक्यात 'नॉट ओन्ली'पुढे क्रियापद आहे आणि 'बट ऑल्सो'पुढे नाम. मराठीत 'तो फक्त इंग्रजीच नाही तर फ्रेंचही बोलतो' म्हणताना 'च' आणि 'ही' अचूक शब्दाला चिकटतात. इंग्रजीला 'च' नाही, ते काम जागा करते. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत म्हणा, 'च' कोणत्या शब्दाला लागला ते पाहा आणि 'नॉट ओन्ली' बरोबर त्याच्या आधी ठेवा. 'बोलतोच असं नाही तर लिहितोही' असेल तर 'नॉट ओन्ली स्पीक्स बट ऑल्सो राइट्स', इथे क्रियापदाआधीच हवं. वाक्याची सुरुवातच 'नॉट ओन्ली'ने केली तर पुढे प्रश्नासारखा क्रम येतो: 'नॉट ओन्ली डिड ही कम लेट, बट ही ऑल्सो फर्गॉट द कीज'.

बाकीच्या जोड्याही अशाच ठरलेल्या आहेत. 'बोथ'ला 'अँड', 'ॲज वेल ॲज' नाही. 'नायदर'ला 'नॉर', 'आयदर'ला 'ऑर'. 'बिट्वीन टेन टू ट्वेंटी' ही जोडच चुकीची: 'बिट्वीन टेन अँड ट्वेंटी' किंवा 'फ्रॉम टेन टू ट्वेंटी'. 'आयदर' आणि 'नायदर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर रेडी'. क्रम उलटा केला तर 'वॉज' येईल, पण ते कानाला विचित्र लागतं, म्हणून अनेकवचनी कर्ता शेवटी ठेवावा.

दोन शब्दांना वेगवेगळी प्रेपोझिशन लागत असतील तर दोन्ही लिहावी लागतात. 'ही इज इंटरेस्टेड अँड कॅपेबल ऑफ टीचिंग' चूक, कारण 'इंटरेस्टेड ऑफ' होत नाही. 'इंटरेस्टेड इन अँड कॅपेबल ऑफ टीचिंग' हवं. अब्राहम लिंकन यांच्या 19 नोव्हेंबर 1863 च्या गेटिसबर्ग भाषणातलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' या दृष्टीने पाहा. तीन प्रेपोझिशन तीन अर्थांची, म्हणून तिन्ही अटळ. 'द पीपल' मात्र व्याकरणाने एकदाच पुरलं असतं, 'ऑफ, बाय अँड फॉर द पीपल'. ते तीनदा आलंय ते ठसण्यासाठी.

सहायक क्रियापदांचंही तसंच. 'शी हॅज ऑल्वेज अँड विल ऑल्वेज हेल्प अस' यातला दुसरा भाग झाकला तर 'शी हॅज ऑल्वेज हेल्प अस' उरतं. 'हॅज'ला 'हेल्प्ड' हवं, म्हणून 'शी हॅज ऑल्वेज हेल्प्ड अस अँड ऑल्वेज विल'.

एक सापळा राहिला, आणि तो रूपं जुळवण्यात तरबेज झालेल्यांना जास्त पकडतो. 'द कोर्स कव्हर्स ग्रामर, नाउन्स अँड व्हर्ब्स'. तिन्ही नामं, उभी मांडणी केली तरी सगळं बरोबर वाचलं जातं. पण नाम आणि क्रियापद हे व्याकरणाचेच भाग आहेत, व्याकरणाच्या शेजारी बसणारे स्वतंत्र विषय नाहीत. यादीत आजोबा आणि नातवंडं एका रांगेत उभी राहिली. तिथे 'ग्रामर, स्पेलिंग अँड प्रनन्सिएशन' हवं, किंवा नाम-क्रियापदांवरच भर द्यायचा असेल तर यादी मोडून 'ग्रामर, एस्पेशली नाउन्स अँड व्हर्ब्स'.